मोजायचं नाही, बोलायचं

आमच्या शाळेत शिकलेला माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो आता चाळिशी-पन्नाशीचा असेल, घोडबंदर रोडच्या एखाद्या काचेच्या इमारतीत दिवसभर बसत असेल, पोट सुटलं असेल, केस गेले असतील. त्याच्या मागे जाऊन नुसतं खणखणीत आवाजात "एऽऽक" म्हणायचं. त्याचे दोन्ही हात आपोआप कमरेवर जातात. मी हा प्रयोग ठाण्यात, नौपाड्यात भाजी घेताना केलेला आहे. समोरच्या गृहस्थांच्या हातून कोथिंबिरीची जुडी खाली पडली, ते कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले आणि मग वळून म्हणाले, "दामले, तू होय! मला वाटलं परब सर."

परब सर आम्हाला पीटी शिकवायचे. डोंबिवली पश्चिमेला आमची शाळा, मैदान म्हणजे दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा. पण सरांनी तिला कायम 'क्रीडांगण' म्हटलं. पांढरी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीची खरं तर गरज नव्हती. सरांचा आवाज नाक्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा आणि तिथे डुलक्या घेणारे रिक्षावालेही सावरून बसायचे असं म्हणत. सर मूळचे मालवणकडचे. एरवी शाळेत शुद्ध बोलायचे, पण संतापले की आतला मालवणी माणूस बाहेर यायचा. "मेल्या, तुझा पोट खय गेला?" असं ते एखाद्या काडीपैलवानाला विचारायचे आणि तो बिचारा खरंच खाली बघायचा.

सरांच्या लेखी व्यायाम म्हणजे मोजणी. आधी रांगेत, 'एऽऽक' म्हटलं की दोन्ही हात कमरेवर, मग खरा कस. जमिनीवर उताणं झोपायचं, पाय सरळ, जोडीदाराने पावलं दाबून धरायची, हात मानेमागे आणि शिट्टी झाली की झटक्यात उठून बसायचं. एऽऽक. दोऽऽन. जो जास्त मोजेल तो चांगला, एवढं साधं शास्त्र होतं. शिक्षाही कमरेचीच. बूट पांढरे केले नाहीत, अंगठे धर. उशीर झाला, अंगठे धर. मी बूट पांढरे करायला विसरणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे शाळेच्या मैदानाचा बराचसा भाग मी उलटा पाहिलेला आहे.

गॅदरिंगला सर स्टेजवर याच सिट-अप्सची स्पर्धा घ्यायचे. आमच्या वर्षी ती दिनेश गायकवाडने जिंकली. दिनेश शेवटच्या बाकावरचा. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर, घर रुळांपलीकडच्या चाळीत, अभ्यास बेताचा. मास्तर लोकांना त्याचं नाव फक्त हजेरी घेताना आठवायचं. त्या दिवशी बाकीची मुलं एकेक करून आडवी झाली आणि दिनेश उठतच राहिला. आधी सर माईकवर मोजत होते, मग वर्ग मोजायला लागला, मग सगळी शाळा, मग मागे उभे असलेले पालक. मध्येच सर ओरडायचे, "दिनेश गायकवाड! शाब्बास!" आणि हॉल ते नाव परत म्हणायचा. शेवटी मुख्याध्यापकांनीच स्पर्धा थांबवली, कारण पुढे नाटक होतं आणि त्यातल्या राजाच्या मिशा सुटायला लागल्या होत्या.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. म्हणजे मालिशवाली नव्हे, हे सासरी समजावून सांगण्यात माझी उमेदीची काही वर्षं गेली. नौपाड्यात पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. एक दिवस दार उघडून परब सर आत आले. केस पांढरे, बूट अजून पांढरे, एक हात कमरेवर. मागून परबकाकू.

"दामले," सर म्हणाले. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सरांसाठी मी दामलेच. "कंबर धरली. रोजचा व्यायाम चुकवत नाही, मग धरली कशी?"

"काय व्यायाम करता सर?"

असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. ते टेबलावर उताणे झाले, पाय सरळ केले, हात मानेमागे घेतले आणि मी थांबवायच्या आत झटक्यात उठून बसले. चेहरा पांढरा पडला.

काकू म्हणाल्या, "ह्यां रोज. दिवाळीत पण. ह्यांका सांगान काय उपयोग नाय."

मी सरांना मणक्याचं मॉडेल दाखवलं. पाय सरळ ठेवून झटक्यात उठलं की पोटापेक्षा मांडीच्या वरचे स्नायू जास्त ओढतात, ते आतून कमरेच्या मणक्यांना जोडलेले असतात, दर वेळी कंबर खेचली जाते आणि मधल्या गादीवर दाब येतो, वगैरे. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक?"

"तुमच्या या कमरेला सध्या ते—"

"दामले, मी काय विचारलं? चूक की बरोबर?"

"चूक, सर."

सर टेबलावरून उतरले. बूट घालायला मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी पायाने बाजूला सारली. गुडघे अजिबात न वाकवता, मला दाखवण्यासाठीच, ते कमरेतून खाली वाकले आणि नाडी बांधायला लागले. नाडी बांधून झाली. सर वर येईनात. दोन्ही हात बुटांवर, डोकं खाली, असे ते माझ्या क्लिनिकच्या मधोमध अंगठे धरून उभे होते. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी आणि काकूंनी मिळून त्यांना हळूहळू कुशीवर निजवलं. मी हसले नाही. म्हणजे सर तिथे असेपर्यंत हसले नाही.

त्यानंतर सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण काही दिवसांनी ते एकटेच आले. बाहेर पेशंट बसलेले असताना दारातूनच विचारलं, "दामले, किती मुलं असतील गं?"

"कसली मुलं सर?"

"माझ्या हाताखालून गेलेली."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलांचं अंग लवचिक असतं, शाळेतल्या पीटीने कुणी कायमचं मोडत नाही, या वयात पाठी जातात त्या तासन्‌तास बसून, गाड्या हाकून, वजनं वाकडी उचलून, असं सगळं सांगितलं. ते खरंही होतं. सर ऐकत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "शिकव मला. नीट शिकव. पहिल्यापासून."

असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. सर डोंबिवलीहून ठाण्याला यायचे, पांढरे बूट दाराशी काढायचे आणि सतरंजीवर निजायचे. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, मग कंबर जागची न हलवता एक हात डोक्याकडे आणि उलटा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा, पाय पुढे न्यायचा. या व्यायामाला सरांनी 'उताणं झुरळ' असं नाव ठेवलं. गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचे तो 'पत्री पूल', कल्याणच्या त्या वर्षानुवर्षं रखडलेल्या पुलावरून. "हळू उचल, पूल घाईने होत नाही, कल्याणकरांना विचार," असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे. मग ओणवं, हातागुडघ्यांवर, समोर एक हात आणि मागे उलटा पाय सरळ. या व्यायामात कंबर डुलते आणि करणाऱ्याला ते कळत नाही. सरांनी पिशवीतून घरची स्टीलची वाटी काढली, पाणी भरलं आणि मला म्हणाले, "ठेव पाठीवर." सांडलं की कंबर हलली. ही युक्ती मी आता सगळ्या पेशंटना करायला लावते आणि क्लिनिकमध्ये रोज पोछा मारावा लागतो.

पोट किती घट्ट करायचं हेही सरांनी स्वतःच्या भाषेत आणलं. "कुणीतरी गमतीत पोटात बोट टोचणार आहे असं समज. तेवढंच. युद्धावर जायचं नाहीये." देवाने आतून एक पट्टा दिलाय, तो बांधायला शिका, म्हणजे बाहेरचा लागणार नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "घाईने उठतो तो परत झोपतो."

पण सरांमध्ये सगळ्यात मोठा बदल झाला तो वेगळाच. त्यांनी मोजणं सोडलं. माणूस मोजायला लागला की श्वास कोंडतो, शिवाय हाव सुटते, आणखी एक, आणखी एक, आणि त्या हावेतच कंबर जाते, हे मी त्यांना एकदा सहज बोलले होते. सरांनी ते मनावर घेतलं. "मोजायचं नाही, बोलायचं," असा त्यांनी कायदाच केला. व्यायाम चालू असताना बोलत राहायचं. बोलता आलं म्हणजे श्वास चालू आहे. बोलता येईना की थांबायचं. परब सरांनी मोजणं सोडलं म्हणजे मालवणी माणसाने बांगडा सोडल्यासारखंच होतं. स्वतः ते व्यायाम करताना तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिकल्याची, म्हणजे आंबट-तिखट कालवणाची, कृती सांगायचे. ती मला पाठ झाली आहे. मी शाकाहारी आहे.

कंबर सुधारली आणि सर मोहिमेवर निघाले. जुने विद्यार्थी दिसले की सोडायचे नाहीत. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, जिथे दिसेल तिथे. काखेत गुंडाळलेली चटई, पिशवीत वाटी. डोंबिवलीत एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला वऱ्हाडाच्या खोलीत आडवं केलं आणि सुटाबुटात त्याच्याकडून पत्री पूल करून घेतला. मुहूर्ताला मामा सापडेना म्हणून लोक शोधत आले, तर मामा छताकडे बघत सरांना आपल्या होम लोनची हकीकत सांगत होता. "बोलतोय, म्हणजे बरोबर चाललंय," सर म्हणाले.

एकदा मी त्यांना गाडीतून डोंबिवलीला सोडत होते. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं ठप्प. शेजारी एक टेम्पोवाला स्टिअरिंगवर वाकून बसला होता, दर मिनिटाला कमरेत हात घालत होता. सरांनी काच खाली केली.

"ओ दादा, कंबर दुखते?"

"पूछो मत काका. सकाळपासून बसलोय."

"मागे टेकून बस. पाठीमागे टॉवेल घाल गुंडाळून. हां. आता पोटात कुणी बोट टोचणार आहे असं समज."

"कोण टोचणार?"

"कोणी नाही रे, नुसतं समज! आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. गाव कुठलं?"

टेम्पोवाला बोलायला लागला. गाव जुन्नरकडचं, भाऊ शेती बघतो, बायको माहेरी गेलीय, टोमॅटोला भाव नाही. मागच्या गाडीवाल्यांचे हॉर्न सुरू झाले तेव्हा आम्हाला कळलं की पुढचा रस्ता केव्हाच मोकळा झालाय. माझ्या आयुष्यात शीळफाट्याचा रस्ता मोकळा होऊनही मी थांबलेय असं एवढं एकदाच घडलं.

सरांना मी कुणाला घाबरताना पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांना नाही, शिक्षणाधिकाऱ्यांना नाही, काकूंनाही फारसं नाही. पण त्या मामावाल्या लग्नातच जेवताना कुणीतरी म्हणालं की, आपल्या दिनेश गायकवाडची कंबर गेली, पाय दुखतो मांडीपासून पावलापर्यंत, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. दिनेशचा कल्याणला कोळसेवाडीत साऊंडचा धंदा होता. स्पीकर, माईक, लायटिंग. सरांनी ताटातला घास तसाच ठेवला.

"त्याला मी माईकवरून चढवलं होतं," नंतर एकदा ते मला म्हणाले. "बाकीच्यांनी थोडं केलं. त्याने सगळ्यात जास्त केलं. मीच करायला लावलं."

"सर, त्याला तीस वर्षं होऊन गेली."

"हो ना. तेवढी वर्षं मी पगार-पेन्शनसकट आरामात आहे."

दिनेशला भेटायला सर दोनदा कल्याणपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा कोळसेवाडीच्या तोंडाशी चहा पिऊन परत आले. चटई आणि वाटी बरोबर होती. त्या लग्नानंतर ज्यांना वाटेत पकडून शिकवलं, ते सगळे या एका माणसाच्या बदल्यात चालले होते हे मला तेव्हा कळलं. सरांना त्याची माफी मागायची होती आणि त्याच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आला. डोंबिवलीतला एक हॉल, स्टेजवर फुलांची सजावट, निवृत्त शिक्षकांचा सत्कार. सर पहिल्या रांगेत. मी त्यांच्या शेजारी. निवेदक साऊंड तपासत होता तेव्हा सरांची मान वळली आणि तिथेच थांबली. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात मिक्सरमागे दिनेश बसला होता. शर्टावरून रुंद पट्टा बांधलेला, एका कुल्ल्यावर भार देऊन तिरका. मेळाव्याचा साऊंड त्याचाच होता.

शाल झाली, श्रीफळ झालं, सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर माईकपाशी गेले. हॉलमध्ये कुणीतरी "एऽऽक" ओरडलं आणि हशा पिकला. सर हसले नाहीत.

"मुलांनो," ते म्हणाले, "मी तुम्हाला इतकी वर्षं जो व्यायाम शिकवला, तो चुकीचा होता. कितीजणांच्या पाठी मी— मला आज सगळ्यांसमोर, विशेषतः एका विद्यार्थ्याची—"

आणि माईक गेला.

सरांनी माईकवर टिचकी मारली. काही नाही. ज्या आवाजाला माईकची कधी गरजच नव्हती, तो त्या दिवशी बाहेर निघेना. निवेदक धावला, तेवढ्यात स्पीकरवर जोरात सनई सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांना कुणीतरी हाताला धरून खाली आणलं. मी रागाने स्टेजच्या मागे गेले, कोण मूर्ख साऊंड सांभाळतोय ते बघायला. सर खुर्चीखालची चटई उचलून माझ्या मागोमाग आले.

दिनेश आमच्याकडेच येत होता. तिरका, एक पाय जपून टाकत.

"सर, माईक मी बंद केला," तो म्हणाला.

"तू? अरे, मी तुझी माफी मागत होतो."

"म्हणून तर बंद केला."

"गायकवाड, तुझी कंबर मी—"

"काय पण सर! माझी कंबर बॉक्स उचलून गेली. बेसचा बॉक्स बघितलाय का कधी? जयंतीच्या सीझनला चार माणसांचा बॉक्स मी दोघांत चढवायचो टेम्पोत. मस्ती होती. तुमचा काय संबंध?"

"सुरुवात तिथेच झाली असेल—"

"सर, ऐका ना जरा." दिनेशचा आवाज चढला होता. त्याने एका खोक्याला हात टेकला. "आमच्या चाळीतनं कुणाचं नाव त्या माईकवर आलेलं? माझं एकट्याचं. अख्खी शाळा ओरडत होती. पप्पा ड्युटीवरनं डायरेक्ट आलेले, मागे उभे होते डबा घेऊन. ते जाईपर्यंत सांगायचे लोकांना. माझ्या पोरांना मी शाळेतली एवढी एकच गोष्ट सांगितलीय. बाकी सांगण्यासारखं काय होतं माझं? आणि आज तुम्ही त्याच सगळ्यांसमोर बोलणार, ते चुकीचं होतं. मग माझ्याकडे राहिलं काय, सांगा ना!"

सनई चालू होती. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. सरांनी शाल खांद्यावरून काढून हातात घेतली, तिची घडी घातली, परत उलगडली.

"व्यायाम चुकीचा होता," शेवटी ते म्हणाले. "ते मी मागे घेणार नाही. पण तू चुकीचा नव्हतास, गायकवाड. तुझ्यासारखा मी पुन्हा कुणी पाहिला नाही."

दिनेश कमरेचा पट्टा नीट करायला लागला.

"माफी मागत नाही," सर म्हणाले. "पण मग तू माझं एक ऐकायचं." त्यांनी काखेतली चटई वायरींच्या मधोमध अंथरली. "झोप."

"थांबा सर, आधी मला बघू दे," मी म्हटलं. कारण उत्साह सरांचा असला तरी पाठ दिनेशची होती.

मी त्याचे रिपोर्ट पाहिले, पायातली ताकद तपासली, त्याच्या सर्जनशी बोलले. ते भले गृहस्थ म्हणाले, ताकद शाबूत आहे तोवर थांबून बघता येईल, पावलातली ताकद कमी झाली किंवा लघवीचा त्रास झाला तर मात्र त्याच दिवशी यायचं. दिनेशच्या पुढे नवरात्र होतं. सीझनला मालकच आडवा, तर धंदा दुसरीकडे जातो, आणि जो जातो तो परत येत नाही, ही त्याची धास्ती होती. ऑपरेशनचीही होतीच.

मग सर रोज सकाळी कल्याणला जायला लागले. दिनेशच्या गोडाऊनमध्ये, स्पीकर झाकायच्या गाद्यांवर, त्याचा वर्ग भरायचा. सुरुवातीला नुसतं उताणं झोपून श्वास सोडायचा आणि पोट हलकेच घट्ट करायचं. दिनेशला हे व्यायाम वाटेचनात.

"सर, हे काय? पोरं हसतात. मोजा तरी. मोजल्याशिवाय मजा नाही येत."

"मोजायचं नाही. बोल."

दिनेश बोलायला लागला. दुसरं काय बोलणार, साऊंडबद्दलच. सरांना बेस म्हणजे काय, माईक शिट्टी का मारतो, उघड्या मैदानात आवाज कुठे मरतो हे सगळं कळायला लागलं. क्लिनिकमध्ये येऊन ते मला सांगायचे, "दामले, तुझ्या त्या छोट्या स्पीकरची जागा चुकलीय."

आणि एवढ्यावर सर थांबणारे नव्हते. दिनेश बरा होईल आणि परत तसाच बॉक्स उचलेल, हे ते जाणून होते. त्यांनी जुनी शिट्टी काढली. माल चढताना ते गोडाऊनच्या दारात उभे राहायचे आणि कुणी गुडघे न वाकवता कमरेतून वाकला की शिट्टी. वजन अंगापासून लांब धरलं, शिट्टी. उचलून तिथल्या तिथे पिळा मारला, लांबलचक शिट्टी. कोळसेवाडीतल्या लोकांना आधी वाटलं पार्किंगचा माणूस आलाय. मोठ्या बॉक्सला चाकं लागली, चार माणसांच्या बॉक्सला चारच माणसं लागायला लागली. नवरात्र पार पडलं. दिनेशने एकही बॉक्स उचलला नाही, माणसांकडून उचलवून घेतला. पायाची कळ मांडीपर्यंत मागे आली, मग तिथेही अधूनमधूनच. ऑपरेशन टळलं की नुसतं लांबलं, हे सर्जन सांगत नाहीत आणि मीही सांगत नाही. पण तो जमिनीवर मांडी घालून जेवायला लागला, आणि त्याच्या बायकोने सरांना त्या दिवशी पुरणपोळी वाढली.

सर त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. काकू म्हणाल्या, कुशीवर होते, एक हात समोर टेकलेला. सकाळी उठायची त्यांची तीच पद्धत होती, आधी कुशीवर व्हायचं, मग हातावर भार देऊन बसायचं. त्यामुळे काकूंना बराच वेळ वाटत राहिलं की, सर आता उठतायत. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण परब सर म्हटलं की मला ते तसे आठवत नाहीत.

मला आठवते ती आदल्या थंडीतली एक सकाळ. दिनेशला तपासायला मी कल्याणला गेले होते. गोडाऊनचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत जाणार, तेवढ्यात आतला देखावा दिसला आणि बाहेरच थांबले. गादीवर दिनेश ओणवा होता, पुढे एक हात सरळ, मागे उलटा पाय सरळ. पाठीवर पाण्याने भरलेली वाटी. सर एका बॉक्सवर बसले होते आणि दिनेशची माणसं चहाचे ग्लास घेऊन भोवती उभी होती.

"बोल," सर म्हणाले.

"संपलं सर बोलायचं. सगळं सांगून झालं तुम्हाला. आता मोजा ना. एकदा. प्लीज."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मी आहे का ते बघत असावेत. मग ते बॉक्सवरून उतरले, शर्ट खाली ओढला आणि ताठ उभे राहिले.

"दिनेश गायकवाड!" ते गरजले. पत्र्याचं छप्पर थरथरलं. "एऽऽक!"

"एऽऽक!" दिनेशही ओरडला. हात-पाय खाली आले, दुसरा हात, दुसरा पाय वर गेले. सावकाश, पुलासारखे.

"दोऽऽन!"

आता त्याची माणसंही ओरडत होती. मी आत जाऊन थांबवायला हवं होतं, कायदा कायदा असतो. पण दिनेश प्रत्येक आकडा सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता, म्हणजे श्वास चालू होता, आणि वाटीतलं पाणी जागचं हललं नव्हतं. सरांचा चेहरा गॅदरिंगच्या दिवशी होता तसाच झाला होता. मोजणी चालू राहिली. मी शटरबाहेर, भर रस्त्यात उभी होते आणि माझे दोन्ही हात कमरेवर गेलेले होते.